ठाणे आणि नवी मुंबईतील तीन ते सहा वर्षांची मुले : पट का घटतो आणि मोजणी कशी करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचपाखाडीत आपल्या संस्थेचा मराठी माध्यमाचा शिशुवर्ग अनेक वर्षे चालू आहे आणि अलीकडे त्याचा पट निम्म्याच्या खाली आला आहे. विश्वस्तांपैकी काहींना वाटते की आता मुलेच जन्माला येत नाहीत, तेव्हा वर्ग बंद करावा. काहींना वाटते की घोडबंदर रस्त्यावर मुले भरपूर आहेत, तेव्हा तिकडे जागा घ्यावी. मी अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत आधी मुख्यसेविका (अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका) म्हणून आणि नंतर प्रकल्पाच्या पातळीवर, जवळजवळ सारी नोकरी ठाणे जिल्ह्यात केली. त्या अनुभवावरून सांगते की दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण दोन्ही निर्णय घाईचे ठरतील. ठाण्यात मुले कमी झाली हे अर्धेच खरे आहे. मुले एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेली आहेत आणि ज्या वस्तीत ती गेली तिथे त्यांना बसायला जागा नाही, ही उरलेली बाजू आहे.

आधी राज्याचे चित्र पाहू. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९.६९ कोटी होती आणि त्यांत ० ते ६ वयाची मुले सुमारे १.३७ कोटी होती. २०११ मध्ये लोकसंख्या ११.२४ कोटींवर गेली, पण मुलांची संख्या १.३३ कोटींपर्यंत खाली आली. म्हणजे दहा वर्षांत माणसे दीड कोटीने वाढली आणि लहान मुले तीन लाखांहून अधिक संख्येने घटली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १.७ निघाला, त्याआधीच्या फेरीत तो १.९ होता. पिढी जागच्या जागी टिकायला हा दर साधारण २.१ असावा लागतो. तेव्हा 'मुले कमी जन्मतात' असे म्हणणारे आपले विश्वस्त चुकत नाहीत. त्यांची चूक एवढीच की राज्याची सरासरी ते आपल्या गल्लीला लावतात.

कारण त्याच दहा वर्षांत ठाणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे १२.६ लाखांवरून १८.४ लाखांवर गेली आणि नवी मुंबईची सुमारे ७ लाखांवरून ११.२ लाखांवर. अविभाजित ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांच्या पुढे जाऊन देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा झाला आणि याच काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या मात्र सात टक्क्यांहून अधिक घटली. ज्यांचे लग्न नुकतेच झाले आहे, ज्यांना पहिले घर घ्यायचे आहे, ते भाव परवडत नाही म्हणून बाहेर सरकतात आणि आई-वडील जुन्या घरात राहतात. परळ-दादरची मुले जशी ठाण्याला आली, तशीच आता नौपाडा-पाचपाखाडीची मुले कासारवडवली-ओवळ्याला आणि वाशीची मुले खारघर-उलव्याला गेली आहेत. जन्मदर कुटुंबाबरोबर फिरतो. तो वस्तीला चिकटून राहत नाही.

हे वयाचे गणित नव्या वसाहतींत फार स्पष्ट दिसते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७०ची. वाशीचे जुने सेक्टर बसले तेव्हा एकाच वयाची जोडपी एकाच सुमारास राहायला आली. मग बालवर्गांना जागा पुरेना, पुढे शाळांना पुरेना, त्यानंतर महाविद्यालयांना पुरेना. आणि आज त्याच सेक्टरांत संध्याकाळी बागेतले बाक ज्येष्ठ नागरिकांनी भरलेले असतात आणि घसरगुंडी मोकळी असते. माझ्या पाहण्यात एखाद्या मोठ्या गृहसंकुलाचा ताबा मिळाल्यापासून तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंत तीन ते सहा वयाची मुले सर्वाधिक असतात आणि पंधराव्या वर्षापर्यंत ती संख्या निम्म्याहून खाली येते. म्हणून घोडबंदरला जागा घेण्याचा विचार करताना 'आज तिथे किती मुले आहेत' हा प्रश्न अपुरा आहे. ज्या संकुलांच्या भरवशावर आपण जागा घेणार, त्यांचा ताबा कोणत्या वर्षी मिळाला हे विचारा. मानपाड्याच्या आसपासची बरीच संकुले आता उताराला लागली आहेत. तिथे दीर्घ मुदतीचा भाडेकरार करणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

उलट, जुनी वस्ती कायम उतारालाच असते असेही नाही. आपल्या परिसरात जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. पुनर्विकासात कुटुंबे तीन-चार वर्षे भाड्याने बाहेर जातात, तेव्हा पट एकदम कोसळतो आणि शिक्षिकेला वाटते की आपलेच काही चुकले. इमारत उभी राहिली की जुनी कुटुंबे परत येतात, वर विक्रीच्या सदनिकांत नवी तरुण कुटुंबे येतात. आपल्या वर्गापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरात किती इमारती सध्या रिकाम्या आहेत आणि त्यांचा ताबा केव्हा अपेक्षित आहे, हे एका रविवारी फिरून लिहून काढता येईल. बंद करण्याचा ठराव त्यानंतर मांडावा.

आता मोजणीविषयी, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि त्या शिकल्या-सवरल्या लोकांकडूनही होतात. जनगणनेतील '० ते ६' आणि अंगणवाडीतील '० ते ६' हे एक नव्हे. जनगणना पूर्ण झालेली वर्षे मोजते, म्हणजे सहा वर्षे पूर्ण होऊन सातवे चालू असलेले मूलही त्यात येते. तो सात वर्षांचा गट आहे. अंगणवाडी सहाव्या वाढदिवसापाशी थांबते. तो सहा वर्षांचा गट आहे. पूर्वप्राथमिकसाठी आपल्याला तीन, चार आणि पाच पूर्ण केलेली अशी तीनच वर्षे हवीत. तेव्हा जनगणनेच्या आकड्याचे ढोबळमानाने सात भाग करून त्यांतले तीन घ्यावेत. अर्धा आकडा धरला तर शंभर मुलांमागे सात मुले कागदावर जास्त दिसतात आणि वर्गात ती येत नाहीत.

दुसरी गोष्ट सीमांची. २०११चा ठाणे जिल्ह्याचा आकडा पालघरसह आहे, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. लोक बोलताना खारघर-कामोठ्यालाही नवी मुंबईच म्हणतात, पण नवी मुंबई महापालिका दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्ह्यात आहे आणि खारघर-कामोठे रायगड जिल्ह्यात, २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत. नेरूळचे कुटुंब रायगडातल्या उलव्याला गेले की एका जिल्ह्याच्या तक्त्यात मूल 'घटते' आणि दुसऱ्याच्या तक्त्यात 'वाढते'. मूल तेच असते. शिवाय २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर कोणीही प्रभागनिहाय मुलांचा नेमका आकडा म्हणून काही दाखवले, तर तो जुन्या आकड्यावरून काढलेला अंदाज आहे असे समजून चालावे.

तिसरी चूक जन्मनोंदणीच्या आकड्यांवर विसंबण्याची. १९६९च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. आई राहते कुठे यावर ती ठरत नाही. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात दिवा, मुंब्रा, भिवंडी, पार शहापूरपर्यंतच्या बाया बाळंतपणाला येतात. ती सारी बाळे ठाणे शहराच्या खात्यात जमा होतात आणि दहा दिवसांनी आपापल्या घरी जातात. दुसरीकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत अजून पक्की आहे. पाचपाखाडीतल्या सुनेचे बाळ साताऱ्याला किंवा रत्नागिरीला नोंदले जाते आणि तीन महिन्यांनी इथे येते. म्हणजे शहराच्या एकूण जन्मांवरून आपल्या परिसराविषयी काहीच ठरवता येत नाही.

याहून खात्रीची यादी आपल्या जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात असते. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिला जातो. तोवर माहेरून आलेले बाळ आलेले असते, भाड्याचे घर बदलणारे बदलून झालेले असतात आणि आशाताईंच्या वहीत पत्त्यासह नाव असते. त्या वयाला जे मूल आपल्या भागात आहे, ते वर्ष-दीड वर्षाने नर्सरीच्या दारात उभे राहण्याची शक्यता फार मोठी. आपल्या राज्यात प्रवेशाचे वय ३१ डिसेंबर या तारखेवर मोजतात. जून २०२७ मध्ये नर्सरीला येणारी मुले प्रामुख्याने २०२४ सालात जन्मलेली असतील. ती जन्मून चालायलाही लागली आहेत. म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांच्या पटासाठी जननदराचा अंदाज बांधण्याची गरजच नाही. वस्तीत येणारे-जाणारे किती, एवढेच शोधायचे आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विनंती केली तर नावे न देता जन्मवर्षाप्रमाणे निव्वळ संख्या द्यायला सहसा अडचण नसते. पल्स पोलिओच्या फेरीत घरोघर फिरणाऱ्या चमूकडे पाच वर्षांखालील मुलांचा आकडाही असतो.

ही संख्या आणि आपला पट शेजारी ठेवल्यावर तिसरे कारण समोर येईल, ते म्हणजे माध्यम. मुले आहेत, पण आपल्याकडे येत नाहीत, ही गोष्ट लोकसंख्येची नाही. अंगणवाडीतही हेच घडते : साडेतीन-चार वर्षांपर्यंत मूल येते आणि मग पालक उधारी करून त्याला इंग्रजी माध्यमाच्या ज्युनिअर केजीत घालतात. अंगणवाडीच्या पटावर तीन वर्षांची मुले पुष्कळ आणि पाच वर्षांची मोजकी दिसली, तर त्या वस्तीत जन्म कमी झाले असा निष्कर्ष काढू नये. मोठी मुले दुसऱ्या दारातून बाहेर गेली आहेत. हे मी दुखावण्यासाठी लिहीत नाही. मूल आपल्या घरच्या भाषेत पहिली गाणी म्हणते, गोष्ट ऐकून प्रश्न विचारते, तेव्हा त्याची बुद्धी कशी उमलते हे मी हजारो मुलांत पाहिले आहे आणि मराठी शिशुवर्ग टिकावेत असे मला मनापासून वाटते. पण कारण ओळखले नाही तर उपाय चुकतो. मुलेच कमी असतील तर दोन तुकड्या एक कराव्यात. मुले असून येत नसतील तर पालकांशी बोलावे, वर्ग दाखवावा, मराठीबरोबर इंग्रजीचा कान कसा तयार करता हे समजावून सांगावे.

आता ज्या वस्तीविषयी आपण विचारले नाही, तिच्याविषयी मला सांगायचे आहे. ठाण्याच्या दिवा या वस्तीत एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर भाड्याच्या खोलीत एक अंगणवाडी भरत असे. खोली साधारण दहा बाय बाराची. एका कोपऱ्यात आहाराचे डबे, दुसऱ्या कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीवर वाढीचा तक्ता आणि दाराबाहेर चिमुकल्या चपलांची रांग, जी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेलेली. सेविका मुलांना दोन पाळ्यांत बोलवायची, कारण सगळी एकदम आली तर मांडी घालून बसता येत नसे, उभे राहावे लागे. मी भेटीला गेले त्या दिवशी एक आई कडेवर मूल घेऊन दारात आली आणि नाव घालायचे म्हणाली. सेविका म्हणाली, "ताई, नाव घेते हो, पण बसवू कुठे?" निकष असा आहे की चारशे ते आठशे लोकसंख्येला एक अंगणवाडी असावी. दिव्यात एवढी माणसे एकाच गल्लीतल्या तीन-चार इमारतींत भरतात आणि नवी इमारत वर्षभरात उभी राहते, तर नव्या केंद्राची मंजुरी अनेक वर्षे लागूनही येत नाही.

नवी मुंबईत हेच चित्र गावठाणांत आहे. घणसोली, गोठिवली, तळवली या आगरी-कोळी गावांत घरे वाढत वाढत इमारती झाल्या, खोल्या भाड्याने गेल्या आणि तिथे तरुण कामगार कुटुंबे राहतात. रस्त्यापलीकडच्या सिडकोच्या सेक्टरात मूल शोधावे लागते आणि गावठाणात पाय ठेवायला जागा नसते, आणि दोन्ही मिळून प्रभागाची सरासरी मात्र 'सामान्य' दिसते. अशा सरासरीने मला नोकरीत फार त्रास दिला, कारण वरिष्ठांसमोर ती ठेवली की गरज दिसतच नसे. म्हणून आपण मोजाल तेव्हा प्रभाग धरू नका; तीन वर्षांचे मूल आजीचा हात धरून जितके चालते तितके, म्हणजे अर्धा किलोमीटर धरा. त्या वयाचे मूल त्यापलीकडच्या वर्गात रिक्षानेच येते, आणि रिक्षा परवडणारे कुटुंब बहुधा दुसरीकडे जाते.

आणि काही मुले कोणत्याच मोजणीत सापडत नाहीत. मुरबाड-शहापूरकडची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. अशा एका भट्टीवर मी एक चार वर्षांची मुलगी पाहिली. लहान भाऊ झोळीत झोपलेला, झोळीची दोरी तिच्या हातात. आणि दुसऱ्या हाताने ती कच्च्या विटांचे तुकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडत होती. शिशुवर्गात लाकडी ठोकळे देऊन आपण जे शिकवतो तेच ती कोणी न शिकवता करत होती. पाड्यावरच्या अंगणवाडीत तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा होता आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीचे सर्वेक्षण ती येण्याआधीच झाले होते. त्या वर्षी ती मुलगी दोन्ही नोंदवह्यांत गैरहजर होती. तिचे नाव मी हाताने नोंदवहीच्या तळाशी लिहून घेतले. आज पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाइल अॅपवर लाभार्थ्याचे नाव एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवण्याची सोय आहे आणि ती चांगली आहे, परंतु त्यासाठी भट्टीपर्यंत चालत जाणारे माणूस लागतेच. तुर्भ्याच्या डोंगराकडेच्या खाणवस्त्यांची आणि टॉवरच्या बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांची गोष्ट हीच आहे. ज्या घोडबंदर रस्त्यावर आपण सदनिकाधारकांची मुले मोजणार आहात, तिथेच त्या सदनिका बांधणाऱ्यांची मुलेही आहेत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यातच होती. पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला. आपल्या संस्थेपुढे आज आलेला प्रश्न त्याच जातीचा आहे, म्हणून मी हे आठवले.

माझा सल्ला असा. पाचपाखाडीचा वर्ग बंद करू नये. दोन तुकड्या असतील तर त्यांची एक मिश्रवयाची तुकडी करावी आणि पुनर्विकासातली कुटुंबे परत येईपर्यंत ती चालवावी. मिश्र वर्गात मोठी मुले लहानांना शिकवतात, त्यात मुलांचे नुकसान नाही, मात्र शिक्षिका अनुभवी हवी. मोकळी होणारी शिक्षिका आणि साहित्य घोडबंदरच्या संकुलात नेण्याऐवजी दिव्यात किंवा लोकमान्यनगर-सावरकरनगरच्या दाट वस्तीत न्यावे. संकुलात फी भरणारे पालक आहेत, तिथे कोणी ना कोणी वर्ग काढतोच. दिव्यात फी फारशी मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. पण आपल्या पत्रात संस्थेच्या ठेवींचा उल्लेख आहे आणि घोडबंदरच्या जागेच्या अनामत रकमेत दिव्यातली खोली काही वर्षे चालेल. तिथली अंगणवाडी आहे त्याच पाळ्यांत चालू द्यावी, आपली खोली तिच्याशी जोडून घ्यावी आणि आहार-लसीकरण अंगणवाडीकडे, शिकणे दोघींकडे, अशी वाटणी प्रकल्प अधिकाऱ्यांशी बोलून लेखी करून घ्यावी.

त्याआधीची पाहणी दोनदा करावी लागेल : एकदा गणपतीनंतर, जेव्हा गावी गेलेली कुटुंबे परतलेली असतात, आणि दुसऱ्यांदा जानेवारीत, जेव्हा बांधकामावरची आणि भट्टीवरची वस्ती भरलेली असते. एप्रिल-मे टाळावे, त्या महिन्यांत अर्धे ठाणे गावाला गेलेले असते आणि आकडा नेहमी कमी येतो. दोन शिक्षिका आणि त्या गल्लीत राहणारी एक बाई, असे तिघींनी जावे. मुलाचे वय आईला विचारू नये, लसीकरणाचे कार्ड मागावे, कारण शाळेचे नाव काढले की तीन वर्षांचे मूल चार वर्षांचे सांगितले जाते.